साहेबांना जेवढं ऐकू आलं

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. बाबा राईस मिलमध्ये मशीनवर होते, आणि तिथे यंत्र सुरू झालं की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पोटातून हाक मारावी लागते. संध्याकाळी अंगावरचा कोंडा ते अंगणात झटकून यायचे, आवाज मात्र तसाच घरात घेऊन यायचे. ‘चहा मांड वो’ असं ते आईला म्हणाले की बोडीच्या, म्हणजे आमच्या गावच्या लहान तळ्याच्या, पलीकडे म्हशी धुणारी माणसं मान वर करून बघत. समोरच्या घरात नवे ग्रामसेवक राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ते घाबरून आमच्या दारात येऊन उभे राहिले. काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागले. काही झालं नव्हतं. झिंग्यांची चटणी आज चांगली जमली आहे, एवढंच बाबा सांगत होते. आई याच्या अगदी उलट. ती बोलायची कमी, आणि बोलायची तेही ओठांतल्या ओठांत. पण तिचा चेहरा दिवसभर कामाला लागलेला असायचा. नकार भुवईत, राग नाकात, आणि ‘पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा भात मागू नको’ हे सगळं वाक्य एका डोळ्यात. मी तिच्याकडे बघूनच मोठी झाले. तिचे ओठ कसे हलतात हे मला अजूनही डोळे मिटले की दिसतं.

त्यामुळे मला कमी ऐकू येतं ही गोष्ट बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही. बाप ओरडून बोलतो आणि आई चेहऱ्याने बोलते, अशा घरात बहिऱ्या मुलीला काय कमी पडणार? मला वाटायचं, जग असंच असतं; काही माणसं बोलतात आणि काही नुसते ओठ हलवतात. ‘स’ आणि ‘श’ मला ऐकूच यायचे नाहीत, म्हणून बोलण्यातही यायचे नाहीत. सायकलला मी ‘आयकल’ म्हणायची. आमच्या बोलीत ‘आयकलं’ म्हणजे ऐकलं. मी रस्त्याकडे बोट करून ‘आयकल, आयकल’ ओरडायची आणि बाया विचारायच्या, ‘काय आयकलं व पोरी?’ सगळ्या हसायच्या. त्यांच्याबरोबर मीही हसायची. न कळताच हसायचं, हे मी फार लवकर शिकले आणि त्यात पुढे पुष्कळ प्रगती केली.

मग एका हिवाळ्यात बाबांचा घसा बसला. डॉक्टरांनी त्यांना बोलायची मनाई केली. घर एकाएकी शांत झालं आणि त्या शांततेत मी बिघडले. बाबा कुजबुजत ‘पानी आन’ म्हणायचे आणि मी त्यांच्यासमोरून निघून जायची. ‘पोट्टी मस्तावली,’ असं ते आईजवळ कुजबुजले, तेही मला ऐकू आलं नाही. आईच्या मात्र काहीतरी लक्षात आलं. मी पाठमोरी बसले असताना तिने चुलीपासून मला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग जवळ येऊन अगदी कानामागे चुटकी वाजवली. मी वळले ते भूक लागली म्हणून. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला वाटलं, चुलीत ओलं लाकूड घातलं असेल.

भंडाऱ्याच्या आणि नागपूरच्या दवाखान्यांत खेटे घालून, एका शिबिरात नाव लागून, शेवटी माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आली. त्या संध्याकाळी आई सुपात तांदूळ पाखडत होती. त्याला आवाज असतो, हे मला माहीतच नव्हतं. पावसासारखा नाही, वाळूसारखाही नाही. तांदळाचा आवाज तांदळासारखाच असतो. लाखोळीची डाळ शिजताना भांड्याच्या आत कुणीतरी पुटपुटत असतं. लसूण तेलात पडला की तो ओरडतो. आईच्या बांगड्या, पालीची चुकचुक, स्वतःच्या फ्रॉकची सळसळ, सगळं त्या दिवशी माझ्या अंगावर आलं. मग बाबा मिलमधून आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, ‘का व पोरी, येते का आयकू?’ मी दोन्ही कानांवर हात ठेवून रडायला लागले. बाबांना ते फार लागलं. ज्या मुलीने आयुष्यभर फक्त त्यांचंच ऐकलं होतं, तिला ऐकू यायला लागल्यावर पहिल्यांदा त्यांचाच त्रास झाला. पुढे पुष्कळ दिवस ते माझ्याशी बोलताना घशावर हात ठेवून बोलायचे, जणू नळाची तोटी धरली आहे.

यंत्र बसवणाऱ्या नागपूरच्या बाईंनी आईला एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती. यंत्र सगळंच मोठं करतं. पंखा, ट्रक, बाकाचा करकराट आणि शिक्षकांचं बोलणं, सगळं सारखंच. त्यातलं कामाचं वेचून घ्यायला हिला समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. आईने ते वाक्य पाठ केलं. पुढे तिने ते इतक्या लोकांना म्हणून दाखवलं की बाबा झोपेतसुद्धा म्हणू शकले असते, आणि झोपेत म्हणाले असते तरी ग्रामसेवक पुन्हा धावत आले असते.

गावच्या शाळेत काही अडलं नाही. तिथे गुरुजी आमच्यात मांडी घालून बसायचे आणि त्यांचं तोंड आमच्याकडेच असायचं, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. आठवीला मात्र मी हायवेवरच्या मोठ्या शाळेत जाऊ लागले. सानगडीहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबायची. शाळेचं नाव मी लिहीत नाही. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, अजून आहेत, आणि त्यांना पत्रं लिहिण्याची हौस आहे. शाळेच्या फाटकावर ‘समावेशित शाळा’ असा फलक होता. त्याच सुमारास सरकारने ‘अपंग’ हा शब्द काढून ‘दिव्यांग’ आणला होता. सरांनी लगेच पेंटर बोलावून शाळेतला तो शब्द जिथे जिथे होता तिथे बदलून घेतला. एका सकाळी मी दिव्यांग झाले. ऐकू तेवढंच येत होतं. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतारही बांधलेला होता. व्हीलचेअरवर येणारं मूल शाळेत एकही नव्हतं. त्या उतारावरून मोठ्या सरांची स्कूटर व्हरांड्यात चढायची.

आमचा वर्ग गच्च भरलेला. वर खडखडणारे पंखे, खिडकीबाहेर हायवे, आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवणारे. काही जण तर फळ्याला इतक्या तळमळीने समजावून सांगायचे की वाटावं, यंदा दहावीला फळाच बसणार आहे. मी मधल्या रांगेत बसून त्यांच्या पाठींचा अभ्यास केला. गणिताच्या लांजेवार सरांच्या पाठीवर घामाचा डाग कोणत्या तासाला कुठवर येतो, ते मला माहीत होतं. बीजगणित माहीत नव्हतं. शिक्षकांनी काही विचारलं की मी हसायची आणि मान डोलवायची. कधी ते उत्तर बरोबर निघायचं. बहुतेक वेळा वर्ग हसायचा, मग मी आणखी हसायची. आठवीत मार्क घसरले आणि नववीच्या सहामाहीत तर दोन विषय गेले.

आई शाळेत गेली. अंगावर लग्नातली साडी, कारण तिच्या मते मुख्याध्यापकाकडे जाणं आणि लग्नाला जाणं सारखंच होतं. मला तिने समोर उभं केलं.

‘सर जी, पोरीले समोरच्या बाकावर बसवा. अन् शिकवताना तोंड वर्गाकडे ठेवा, एवढंच म्हणनं आहे.’

‘बाई,’ मोठे सर फार सभ्यपणे म्हणाले, ‘शिक्षकांनी मुलांकडे बघायचं म्हटलं तर फळ्यावर लिहायचं कुणी? आणि मला वाटतं हिला ऐकू येतं. आपण तपासून घेऊ.’

त्यांनी आईला बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि ते उठून माझ्यामागे जाऊन उभे राहिले. माझ्यासमोर ढाली आणि करंडक ठेवलेलं काचेचं कपाट होतं. त्या काचेत सर मला अगदी स्वच्छ दिसत होते. त्यांचे ओठ हलले, ‘रोशनी, पेढा खाशील का?’

‘नको सर,’ मी म्हणाले. कुणाकडून काही घ्यायचं नाही असं आईने एसटीतच बजावलं होतं.

सरांनी दोन्ही हात पसरले. ‘बघा! ऐकू येतं. लक्ष नसतं.’

आईने काचेकडे बोट दाखवलं. तिला बिचारीला सगळं कळलं होतं. सर काचेजवळ गेले, त्यांनी ती निरखून पाहिली आणि काचेवर धूळ बसली आहे म्हणून शिपायाला बोलावून झापलं. मी मात्र त्या परीक्षेत पास झाल्याच्या आनंदात होते. माझ्या शाळकरी आयुष्यात मला पहिल्याच झटक्यात बरोबर आलेलं ते उत्तर होतं, आणि त्याच उत्तराने माझा घात केला. आईने नंतर लेखी अर्ज दिला तेव्हा शाळेचं टाइप केलेलं उत्तर आलं की विद्यार्थिनीची श्रवणशक्ती मुख्याध्यापकांनी स्वतः तपासली असून ती समाधानकारक आहे. नागपूरच्या दवाखान्यात एवढाली यंत्रं लावून जे सापडलं होतं, ते सरांनी एका पेढ्यात बरं केलं.

नववी संपताना खरी गोष्ट बाहेर आली. शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा आणि तो का लागायचा, हे तेव्हा आम्हाला कळलं. ज्या मुलांचा भरवसा नाही त्यांना नववीनंतर दाखला देऊन सांगायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळेत न येता, बाहेरून, आपलं आपण परीक्षेला बसा. मुलगा नापास झाला तरी तो शाळेचा राहत नाही. मोठ्या सरांनी बाबांना बोलावून हे फार मायेने सांगितलं. ‘घरी शांत वातावरणात अभ्यास होईल तिचा,’ ते म्हणाले. आमच्या घराला शांत म्हणणारे ते पहिले आणि शेवटचे गृहस्थ.

त्या संध्याकाळी आमच्याकडे लाखोळीची भाजी आणि भात होता, आणि कुणी जेवत नव्हतं. आमच्या गावात सतरा नंबरवाली पोरं मला माहीत होती. मुलगे मिलमध्ये पोती उचलायला लागले होते आणि मुलींची लग्नं झाली होती. परीक्षेला त्यातलं क्वचितच कुणी बसलं होतं. मला शाळा आवडत होती असं नाही. पण शाळेच्या एसटीत खिडकीजवळची जागा माझी होती, माझ्या दोन मैत्रिणी होत्या, आणि आपल्याला काढून टाकलं हे सांगत गावभर फिरणाऱ्या तोंडांचे ओठ मला लांबूनही वाचता आले असते.

‘मी जातो अन् त्या मास्तरले इचारतो,’ बाबा म्हणाले. गावाने ते ऐकलं.

‘तुमी नका जाऊ,’ आई म्हणाली. ‘तुमी गेले त भांडन केलं म्हन्तील. आपन वरच्या सायेबाकडे जाऊ. हळू बोलू.’

वरचे साहेब म्हणजे शिक्षण खात्याचे अधिकारी. शाळांवर त्यांची देखरेख असायची. आईने त्यांच्याकडे तक्रार दिली. ती तारीख मिळेपर्यंत कितीदा त्या ऑफिसात जाऊन बसली, ते तिनेही मोजलं नाही. बाबांना मिलमध्ये सुट्टी मागावी लागे, म्हणून ती एकटीच जायची. मालकिणीसारखी बाकावर बसून राहायची. शेवटी तिथल्या बाबूलाच तिच्यापुढे लाज वाटायला लागली असावी. भर उन्हाळ्यात सुनावणी ठरली.

साहेबांच्या खोलीत एक मोठा लोखंडी कूलर होता. तो असा धडधडत होता की दारात पाऊल टाकताच बाबांचा चेहरा खुलला. त्यांना मिलमध्ये आल्यासारखं वाटलं. साहेब अंगाने भरलेले, निवृत्तीला आलेले, जाड चष्म्याचे. मोठे सर आधीच येऊन बसले होते. आत शिरण्यापूर्वी आईने बाबांना तीनतीनदा सांगितलं होतं, ‘ऑफिस आहे. हळू बोला.’

आधी मोठे सर बोलले. वरिष्ठांपुढे बोलायची त्यांची एक रीत होती. खांदे पुढे घ्यायचे, मान खाली घालायची, तोंडासमोर अर्धी मूठ धरायची आणि मधासारखं हळू बोलायचं. त्यांच्या तोंडातलं मला अर्धंच दिसलं, बाकीचं आईने नंतर सांगितलं. मुलगी चांगली आहे, पण तिच्यामुळे वर्ग मागे राहतो. शिक्षकांना आधीच कामं फार. निकाल घसरला तर संस्थेला कोण तोंड देणार? आणि तिच्याही हिताचा विचार करता...

‘छान, छान,’ साहेब म्हणाले.

मी चमकून साहेबांकडे बघितलं. ते हसत होते आणि मान डोलवत होते. त्यांची नजर सरांच्या डोळ्यांकडे नव्हती, ओठांकडे होती. आणि सरांची मूठ ओठांसमोर आली की साहेबांच्या भुवया जरा जवळ येत होत्या, नि लगेच पुन्हा हसू पसरत होतं. ते हसू मी कुठेही ओळखलं असतं. वर्गात शिक्षकांनी काही विचारल्यावर मी रोज तेच हसत होते. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी खुर्ची, आणि हसू माझं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मोठ्या सरांना वाटलं, आपलं सगळं पटतंय. ते आणखी हळू, आणखी गोड बोलू लागले. साहेब आणखी डोलू लागले.

‘तुम्ही बोला,’ शेवटी साहेब बाबांकडे वळले.

बाबांनी घशावर हात ठेवला आणि आईने शिकवल्याप्रमाणे ते हळू बोलले. त्यांना ते किती जड जात होतं ते मानेच्या शिरांवरून दिसत होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. बाबांच्या जाड मिशांखालचे ओठ वाचणं तसंही सोपं नव्हतं. मला सराव होता. ‘छान, छान,’ साहेब पुन्हा म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

मी बाबांची बाही ओढली. ‘बाबा, मिलमधल्यासारखे बोला.’

बाबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे, मग साहेबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तिची भुवई हलली. ती परवानगी होती.

‘सायेब!’ बाबा म्हणाले. टेबलावरचे कागद हलले असं मी म्हणणार नाही, ते कूलरने आधीच हलत होते. पण दाराशी उभा असलेला बाबू आत आला. ‘सायेब, मी मिलमंदी काम करतो! माह्या लेकरानं इतके वर्स फक्त माहाच आवाज आयकला, अन् मले मालूमच नाही का थे बाकी काही आयकून नाही राहिली! आता मालूम झालं त हे म्हन्तात घरी बसवा! कायले बसवू जी? तिले फुकटचे मार्क नाही पायजेत! तिले मास्तरचं तोंड पायजे! हे लोक पाठ दाखवून फळ्याले शिकवून राहिले! फळा आयकते का? फळा परीक्षेले बसते का? सतरा नंबर भराचा त त्या फळ्याचा भरा न जी!’

साहेब खुर्चीत सरळ बसले. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे डोळे माणसाच्या डोळ्यांकडे गेले. मोठे सर मात्र उठून उभे राहिले होते. बाबांच्या आवाजावर आवाज काढायचा म्हणून तेही, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, जोरात ओरडले,

‘अहो, ओरडता काय! साहेब काय बहिरे आहेत?’

आणि मग फक्त कूलर बोलत राहिला. बाबू फरशीकडे बघू लागला. त्याचा चेहरा बघितल्यावर मला कळलं की हे त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं; फक्त कुणी कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. मोठ्या सरांनी तासभर जे काही मांडलं होतं त्यातलं साहेबांपर्यंत पोहोचलेलं हे एकच वाक्य.

साहेब उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने कूलर बंद केला. परत येऊन बसले आणि म्हणाले, ‘मुख्याध्यापक, तुमचं म्हणणं पुन्हा सांगा. मोठ्याने.’

सरांनी सांगायला सुरुवात केली. पण जी वाक्यं मुठीआड गोड वाटत होती, ती मोठ्याने म्हणणं त्यांना जमेना. ‘निकाल घसरेल म्हणून’ हे शब्द त्या शांत खोलीत त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडले आणि ते थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. शेवटी म्हणाले, ‘साहेब, आपण म्हणाल तसं.’

मुलगी शाळेतच राहील, शाळेतूनच दहावीला बसेल, पुढच्या बाकावर बसेल आणि शिक्षक तिच्याकडे तोंड करून शिकवतील, असा आदेश साहेबांनी तिथल्या तिथे बाबूला लिहून घ्यायला सांगितला. आई-बाबा बाबूजवळ सही करायला गेले तेव्हा साहेबांनी मला जवळ बोलावलं. माझ्या कानाकडे बघत, आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, ‘टोचतं का गं?’

‘पहिले टोचते,’ मीही तसंच सांगितलं. ‘मंग सवय होते.’

‘लोक बघतात?’

‘बघतात जी. मंग त्याहिलेबी सवय होते.’

त्यांनी पुढे यंत्र घेतलं की नाही, मला माहीत नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. मी आई-बाबांना सांगितलं की साहेबांना ऐकू येत नाही, सरांचं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. बाबा एवढे हसले की टपरीवाल्याने आणखी चहा पाहिजे का म्हणून विचारलं. आई हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

‘म्हंजे आपलं खरं होतं म्हनून नाही भेटलं?’

‘भेटलं न वो,’ बाबा म्हणाले. ‘चहा पी.’

आईला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. आता मी नोकरीला आहे, कुणाशी बोलायचं तर स्वतःहून सांगते की माझ्याकडे तोंड करून बोला, आणि लोक बहुतेक ऐकतात. पण ऐकलं की दर वेळी मला प्रश्न पडतो, हे माझ्या म्हणण्यामुळे की आणखी कशामुळे.

शाळेने आदेश पाळला. फारच पाळला. सुरुवातीला सगळे शिक्षक माझ्याकडे तोंड करून, एकेक अक्षर ताणत बोलायचे, जणू मी बोडीच्या पलीकडल्या काठावर उभी आहे. भूगोलाचे सर आदेशाला इतके घाबरले की फळ्याकडे जातानाही उलटे चालत जायचे आणि एकदा टेबलावर आदळले. लांजेवार सर मात्र शहाणे निघाले. आधी लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे. त्यांच्या चेहऱ्याशी माझी तेव्हा ओळख झाली; बरा चेहरा होता. मागच्या बाकावरच्या मुलांनाही अचानक बीजगणित कळू लागलं. आपल्यालाही इतकी वर्षं ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

मी दहावी पास झाले. पहिली-बिहिली नाही, साधी पास. तरी शाळेच्या फाटकावर माझ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला, ‘समावेशित शिक्षणाचे उज्ज्वल यश’, आणि माझ्या शेजारी माझ्याहून मोठा फोटो मोठ्या सरांचा. सत्काराला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. फोटोत आई माझ्या बाजूला उभी आहे, लग्नातल्या साडीत. तिचा चेहरा काय म्हणतोय ते मी इथे लिहू शकत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी तोंडी सगळं सांगायची, पण वाचायला बसलं की अक्षरं तिच्यासमोर जागा बदलायची. शाळेने तिलाही सतरा नंबर भरायला सांगितलं होतं. तुमच्या पोरीचं कसं झालं, साहेबापुढे काय बोलावं लागतं, हे विचारायला ती उन्हातून चालत आली होती. आईने तिला पाणी दिलं, भात वाढला. काय सांगावं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

‘आता सायेब कोन आहेत?’ शेवटी आईने विचारलं.

‘नवे आले, बाई. तरने आहेत. लय चांगले आहेत म्हन्तात. दोन्ही बाजूचं सगळं आयकून घेतात.’

‘सगळं आयकतात?’

‘सगळं.’

‘मंग कठीन आहे,’ आई म्हणाली, आणि लग्नातली साडी नेसायला आत गेली.